कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८००साठी स्पार्क प्लग आणि प्लग वायर कशा निवडाव्यात?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

नमस्कार. वडिलांनी १९९८ साली घेतलेली कार्ब्युरेटरची मारुती ८०० आजही आमच्या घरी रोजच्या वापरात आहे. काही वर्षांपूर्वी तिला सीएनजी किट बसवून घेतले असून तशी नोंद आरसी बुकात आहे. पाऊस सुरू झाल्यापासून गाडी सकाळी पहिली दहा मिनिटे मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळते. घोडबंदर रस्त्याने जाताना गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की ती हिसके देऊ लागते. त्याच चढावर पेट्रोलवर घेतली तर हिसके बरेच कमी होतात, आणि सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर कोणत्याही इंधनावर फारसे काही जाणवत नाही.

रविवारी तिन्ही प्लग मी स्वतः काढून पाहिले. पहिल्या दोन सिलिंडरच्या प्लगवर ‘बीपीआर६ईएस’ असे छापलेले आहे, तर तिसऱ्यावर ‘बीपी५ईएस’. पहिल्या दोघांची टोके फिकट तपकिरी आहेत, तिसऱ्याच्या टोकावर मात्र कोरडी काळी काजळी बसली आहे. प्लग वायर कधी बदलल्या होत्या याची घरात कोणालाच आठवण नाही. त्यांचे वरचे आवरण कडक झाले आहे आणि बुटांजवळ, म्हणजे टोकांच्या रबरी टोपणांजवळ, बारीक भेगा दिसतात. डिस्ट्रिब्युटरच्या (तिन्ही प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये बसणाऱ्या एका टोकावर हिरवट गंज आहे.

नौपाड्यातील दुकानदाराने साधे, प्लॅटिनम आणि इरिडियम असे तीन प्रकारचे प्लग पुढे ठेवले आणि ‘गाडी जुनी आहे, इरिडियमच टाका’ असा सल्ला दिला. वायरींमध्येही एक साधा काळा संच आहे आणि एक लाल, ८ मिमी जाडीचा, ज्याने पिकअप वाढतो असे तो म्हणाला. आमचे मेकॅनिक प्लग, वायर, कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल असे सगळे एकदम बदलायला सांगत आहेत. खर्च करण्याची माझी तयारी आहे, पण काय आणि का बदलतो आहोत हे समजून घेऊन करावे असे वाटते. प्लगचा कोणता क्रमांक खरा मानावा? इरिडियमचा या इंजिनाला उपयोग होतो का? वायर निवडताना जाडी पाहावी की आणखी काही?

पारसिक (कळवा)

कोपरीकर, आपण प्लग काढून त्यांवरचे क्रमांक आणि टोकांचे रंग लिहिलेत, त्यामुळे अर्धे निदान इथेच होते.

प्रथम क्रमांकाविषयी. ‘बीपीआर६ईएस’ या एनजीके कंपनीच्या क्रमांकातील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. ‘बी’ म्हणजे १४ मिमी व्यासाचे आटे आणि २०.८ मिमीचा षटकोन, म्हणजे आपल्याकडे ज्याला २१चा प्लग पाना म्हणतात तो लागणारा. ‘पी’ म्हणजे चिनी मातीचे नाक आट्यांच्या बाहेर डोकावणारे. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा भाग, असलेला. ‘६’ ही त्याची उष्णताश्रेणी. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि ‘एस’ म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा प्रमाणित इलेक्ट्रोड. आपल्या तिसऱ्या सिलिंडरमधील प्लगमध्ये ‘आर’ नाही आणि श्रेणी ५ आहे, म्हणजे तो रेझिस्टर नसलेला आणि एक पायरी ‘गरम’ प्लग आहे. कधीतरी एकच प्लग बदलावा लागला असेल आणि हाताशी होता तो बसवला गेला असेल. आट्यांची लांबी सारखी असल्याने यांत्रिक नुकसान काही झालेले नाही. लांबी वेगळी असती तर गोष्ट गंभीर होती, कारण १९ मिमीच्या जागी १२.७ मिमीचा प्लग लावला तर हेडमधील, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातील, उघडे आटे काजळीने भरतात, आणि उलट केले तर प्लगचे टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकते.

उष्णताश्रेणीचा ठिणगी जोरदार असण्या-नसण्याशी संबंध नाही. प्लगचे टोक आपली उष्णता हेडकडे किती लवकर सोडते, एवढेच ती सांगते. मातीचे नाक लांब असेल तर उष्णता हळू जाते आणि टोक गरम राहते, आखूड असेल तर टोक थंड राहते. टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही, आणि ८५० अंशांच्या आसपास किंवा वर गेले तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागते, जे पिस्टनला घातक आहे. येथे दुकानात हमखास होणारा एक गोंधळ सांगून ठेवतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्या क्रमांकात आकडा वाढला की तो गरम होतो. एनजीकेचा बीपीआर६ईएस, बॉशचा डब्ल्यूआर७डीसी, चॅम्पियनचा आरएन९वायसी आणि डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर हे सगळे एकमेकांच्या जागी चालणारे प्लग मानले जातात, म्हणजे ६, ७, ९ आणि २० हे चार आकडे जवळपास एकच श्रेणी सांगतात. त्यामुळे ‘सहा नंबरचा द्या’ एवढेच सांगून दुसऱ्या कंपनीचा प्लग कधीही घेऊ नये.

खरा क्रमांक कोणता, याचे उत्तर गाडीतून निघालेल्या प्लगवरून देता येत नाही, कारण तो कोणीही बसवलेला असू शकतो. गाडीची पुस्तिका किंवा प्लग कंपनीचा आपल्या मॉडेलसाठीचा तक्ता पाहावा आणि त्यातील क्रमांकाचे तिन्ही प्लग एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्यावेत.

आता काजळीविषयी, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तिन्ही सिलिंडरना एकच कार्ब्युरेटर मिश्रण पुरवतो, मग मिश्रण जाड, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, असते तर तिन्ही प्लग काळे व्हायला हवे होते. तिसऱ्यातील प्लग तर एक पायरी गरम, म्हणजे काजळी जाळून टाकायला अधिक समर्थ, आणि तरीही तोच काळा आहे. काजळी कोरडी असल्यामुळे ऑइल वर येत असण्याची शक्यताही कमी दिसते. सीएनजी काजळी जवळपास धरतच नाही, तेव्हा ही काजळी पेट्रोलवर गाडी सुरू करताना तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न जळल्याची आहे. माझा संशय त्या सिलिंडरच्या वायरवर किंवा कॅपमधील तिच्या घरावर आहे.

म्हणून इरिडियमविषयी माझे मत असे की ते आत्ता घेऊ नयेत. इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिमी इतका बारीक असतो, तर साध्या प्लगचा सुमारे २.५ मिमी असतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबाच्या विजेवरही उडी मारते, हा त्याचा खरा गुण आहे. पण नेमक्या याच गुणामुळे खराब वायरचा दोष काही महिने झाकला जाईल, आणि पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा इथेच असाल. शिवाय डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर असलेल्या गाडीचे प्लग वर्षातून एकदा काढून पाहावेतच, मग लाखभर किलोमीटर टिकणाऱ्या प्लगचे आयुष्य आपल्याला फारसे उपयोगी पडत नाही. साधे निकेलचे प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटर नीट चालतात आणि टोकाच्या रंगावरून इंजिनाची प्रकृतीही स्वच्छ सांगतात.

तुर्भे गॅरेज

पारसिक यांच्याशी सहमत आहे. गॅरेजच्या अनुभवातून दोन गोष्टी जोडतो.

बाजारात नकली प्लग फार येतात. मल्टिमीटरने वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रोध मोजावा. ‘आर’ असलेला प्लग साधारण ५ किलो-ओहम दाखवतो. खोक्यावर ‘आर’ छापलेले आणि मीटरवर शून्य, असे प्लग मी स्वतः परत केले आहेत. गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती फट, खोक्यावर विसंबून न राहता फिलर गेजने (फट मोजायच्या पात्याने) पाहावा. आपल्यासारख्या जुन्या गाड्यांत तो बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो, पण पुस्तिकेतला आकडाच धरावा.

दुसरे, हेड ॲल्युमिनियमचे आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू नका, नाहीतर आटे सोबत येतात. बसवताना प्लग हातानेच शेवटपर्यंत फिरवा, आणि वॉशर टेकल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरेसे आहे. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

खाडीकिनारा (ऐरोली)

माझ्याकडेही याच पिढीची गाडी आहे आणि खाडीजवळ राहत असल्याने दमट खाऱ्या हवेने वायरींची टोके कशी खराब होतात हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून वायरींविषयी सविस्तर लिहितो.

या गाडीच्या संचात चार वायर असतात, कॅपकडून तीन प्लगांकडे जाणाऱ्या तीन आणि कॉइलकडून कॅपच्या मध्यात येणारी एक. दुकानात तीनच मिळाल्या तर संच अपुरा आहे असे समजावे, कारण कॉइलच्या वायरमधून तिन्ही सिलिंडरचा करंट जातो आणि तीच जुनी ठेवली तर बाकीचा खर्च अर्धवट राहतो.

वायरची जाडी म्हणजे केवळ आवरणाची जाडी. ७ मिमी आणि ८ मिमी वायरींमध्ये आतला गाभा सारखाच असू शकतो, त्यामुळे जाड वायरने पिकअप वाढतो हे म्हणणे खरे नाही. चांगली वायर करंट मधेच गळू देत नाही, एवढेच तिचे काम आहे आणि मूळच्या चांगल्या ७ मिमी वायरी ते काम पूर्ण करतात. जाडीपेक्षा आवरण कशाचे आहे हे विचारावे. सिलिकॉनचे आवरण एक्झॉस्टजवळची उष्णता सोसते आणि वर्षानुवर्षे मऊ राहते, तर हलक्या प्लास्टिकचे आवरण आपण वर्णन केले आहे तसे कडक होऊन भेगाळते. त्यानंतर गाभा पाहावा. नुसत्या तांब्याच्या तारेला रोध जवळपास नसतो, आणि तिच्यामुळे रेडिओत खरखर येते. कार्बन मुरवलेल्या तंतूचा गाभा ही खरखर दाबतो, पण जुना झाल्यावर आतून तुटतो. बारीक तार सर्पिलाकार गुंडाळलेला गाभा खरखरही दाबतो आणि टिकतोही. तो मिळाला तर थोडे जास्त पैसे अवश्य द्यावेत असे मला वाटते. लांबी मूळ वायरीइतकीच हवी, कारण लांब वायर लोंबून एक्झॉस्टला टेकते आणि आखूड वायर ताणली जाऊन बुटातून सुटते.

विकत घेण्यापूर्वी आहे त्याच वायरींची परीक्षा करावी, आणि ती दोन प्रकारे करता येते. इंजिन बंद असताना एक-एक वायर काढून तिचा रोध आणि लांबी मोजावी. कार्बन गाभ्याच्या वायरींचा रोध दर मीटर लांबीला साधारण १० ते २० किलो-ओहमच्या पट्ट्यात असतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा चारही वायरींची आपसात तुलना अधिक सांगून जाते. लांबीच्या प्रमाणात एकीचा रोध तिप्पट-चौपट आला, किंवा मोजताना वायर हलवली की आकडा नाचू लागला, तर ती वायर गेली.

दुसरी परीक्षा अंधारात करायची. रात्री गाडी उघड्यावर, पेट्रोलवर चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि इस्त्रीसाठी वापरतो तशा फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर आणि कॅपवर पाण्याचा अगदी हलका तुषार मारावा. करंट जिथे गळतो तिथे निळसर ठिणग्या दिसतात आणि इंजिनाचा आवाज त्याच क्षणी बिघडतो. आपल्याकडे सीएनजी आहे, म्हणून ही परीक्षा करण्याआधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, गॅसचा जराही वास येत असेल तर ती करूच नये, आणि बंद पार्किंगमध्ये तर मुळीच करू नये. चालू इंजिनात वायरीला हात लावायचा नाही आणि पंख्यापासून बाही दूर ठेवायची, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. वायर उपटून ‘कोणता सिलिंडर मेला आहे’ हे पाहण्याची गॅरेजमधील पद्धत मी टाळतो, कारण त्यात न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते. मुंबईसह चार महानगरांत १९९५पासून नव्या पेट्रोल गाड्यांना एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, तेव्हा आपल्या गाडीलाही तो असेल तर अशा पेट्रोलने तो तापून खराब होतो.

कॅप काढून तिची आतली बाजूही उजेडात पाहावी. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती करंटने जाळून केलेली वाट असते. ती घासून जात नाही, कॅपच बदलावी लागते. मध्यातील कार्बनचा छोटा दांडा स्प्रिंगवर सहज खालीवर होतो का आणि रोटरचे टोक जळून झिजले आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही परीक्षा केल्या. पहिल्या सिलिंडरची वायर ६.१ किलो-ओहम, दुसऱ्याची ७.४, कॉइलची ५.२. तिसऱ्याची सुरुवातीला २९ दाखवत होती, आणि बुटाजवळ किंचित वाकवली की मीटर काहीच दाखवत नव्हता. हिरवट गंज होता तो याच वायरीच्या कॅपकडील टोकाला. पाण्याचा तुषार मारल्यावर तिसऱ्या आणि दुसऱ्या वायरीच्या बुटांजवळ ठिणग्या स्पष्ट दिसल्या. कॅपच्या आत रेघ नाही, पण तिसऱ्या घरातील धातू काळवंडलेला आहे. रोटर ठीक वाटतो.

पुस्तिका जुन्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये सापडली, आणि तिच्यातील तक्त्यात मी पहिल्या दोन सिलिंडरमधून काढले तोच क्रमांक आहे. आता एकच शंका उरते. पेट्रोलवर त्रास कमी आणि सीएनजीवर जास्त का होतो, आणि गाडी बहुतेक वेळ सीएनजीवर चालते म्हणून प्लग वेगळा घ्यावा का?

वाशी ४३

सीएनजी आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलच्या मानाने जास्त व्होल्टेज लागते. त्यात चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येते आणि ठिणगीच्या क्षणी दाब वाढलेला असतो. दाब वाढला की त्याच गॅपमधून उडी मारायला आणखी व्होल्टेज लागते. करंट नेहमी सोपी वाट शोधतो, म्हणून प्लगमधली उडी अवघड झाली की तो भेगाळलेल्या बुटातून बाहेर इंजिनच्या धातूकडे पळतो. सपाट रस्त्यावर दाब कमी असल्याने तीच वायर निभावून नेते.

माझ्या गाडीत मी सीएनजीसाठी एक पायरी थंड प्लग, म्हणजे श्रेणी ७चा, वापरतो आणि गॅप ०.७ मिमी ठेवतो. सीएनजीवर थंड प्लग सुरक्षित असतो असे माझे मत आहे.

पारसिक (कळवा)

गॅप कमी ठेवण्याबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. पुस्तिकेतील पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवला की लागणारे व्होल्टेज उतरते आणि सीएनजीवर त्याचा लगेच फायदा दिसतो.

श्रेणी ७बाबत मात्र मी कोपरीकर यांना थांबायला सांगेन. आपण वाशीहून रोज द्रुतगती मार्गाने लांब जात असाल तर टोक पुरेसे तापते आणि थंड प्लग स्वच्छ राहतो. कोपरी ते नौपाडा अशा फेऱ्यांत गाडी पेट्रोलवर सुरू होते, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आणि गरम होण्याआधीच बंद होते. अशा वापरात थंड प्लगवर काजळी साचेल आणि मिसिंग वेगळ्या कारणाने परत येईल. त्यांचे पहिले दोन प्लग श्रेणी ६चे असून सीएनजीवर चालूनही फिकट तपकिरी आहेत. टोक पांढरेफटक होते, मातीवर फोड दिसत होते किंवा इलेक्ट्रोड वितळल्यासारखा होता, तर मी स्वतःच थंड प्लग सुचवला असता. इंजिनाने उत्तर दिलेले असताना आपण अंदाजाने पायरी बदलू नये.

वाशी ४३

हा मुद्दा मान्य आहे. माझा वापर खरोखरच लांब पल्ल्याचा आहे, आणि मी त्यांच्या प्लगच्या रंगांकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. कोपरीकर, आपण ६च ठेवा.

खाडीकिनारा (ऐरोली)

बसवताना एकच काळजी घ्या. जुन्या चारही वायरी एकदम काढू नका. एक काढावी, तिच्याच लांबीची नवी तिथे बसवावी, मग पुढची घ्यावी. या इंजिनाचा ठिणगीक्रम १-३-२ आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरू होत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते. वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका, मूळच्या क्लिपांत वेगवेगळ्या बसवा. प्लगच्या बाजूच्या बुटाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट न फाटता निघतो. आणि काढताना नेहमी बूट धरून काढा, वायर ओढून नको.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बीपीआर६ईएसचे तीन साधे प्लग घेतले, दुकानातच मीटरने मोजले तेव्हा तिन्ही ४.६ ते ५.१ किलो-ओहमच्या दरम्यान होते, आणि गॅप ०.७ मिमी ठेवला. सिलिकॉन आवरणाचा आणि सर्पिल गाभ्याचा ७ मिमी चार वायरींचा संच ठाण्यात मिळाला नाही, तो एका मित्राने ऑपेरा हाउसच्या बाजारातून आणून दिला. कॅप नवी घातली, रोटर जुनाच ठेवला, आणि कॉइलला हात लावला नाही. मेकॅनिकना वायरीचे आकडे दाखवले तेव्हा त्यांनीही कॉइल बदलण्याचा आग्रह सोडला.

या तीन आठवड्यांत पाऊस भरपूर झाला. सकाळची मिसिंग पहिल्याच दिवशी थांबली. गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, सीएनजीवर, घरचे चौघे बसलेले असताना गाडी एकदाही हिसका न देता चढली. काल तिसरा प्लग मुद्दाम काढून पाहिला. त्याचे टोक आता इतर दोघांसारखेच फिकट तपकिरी आहे. काढलेल्या दोन चांगल्या वायरी आणि एक प्लग डिकीत ठेवले आहेत, आणि तिसरी वायर कापून पाहिली तेव्हा बुटापासून दोन बोटांवर आतला कार्बनचा तंतू जळून तुटलेला होता.